शनिवारी एक बाप येतो

“शेजाऱ्यांची आहे रे,” तो म्हणाला. “त्यांना वेळ नसतो, म्हणून मी आणून सोडतो.”

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. वाक्य इतकं सहज आलं, जणू जिभेच्या टोकाशी तयारच बसलं होतं. कडेवरची मुलगी आठ वर्षांची. पायांत बळ नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. गाडीपासून आतपर्यंत तिला उचलूनच आणावं लागे. तिची मूठ नेहमीसारखी त्याच्या कॉलरमध्ये रुतलेली होती. ती सैल झाली.

केंद्राच्या व्हरांड्यात, भिंतीलगतच्या बाकावर पैलवान बसला होता. शाळेतला जुना दोस्त. वर्गातल्या एकूण एकाला टोपणनाव ठेवलं ते यानंच, आणि त्याच्या तोंडात तीळ म्हणून भिजत नसे. याला कळलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या दोस्तांत बभ्रा. शाळेच्या ग्रुपवर बाकीचे पोरांच्या बक्षिसांचे, वाढदिवसांचे फोटो टाकत. त्याने स्वतः आजवर टाकले ते डोंगरांचे आणि नव्या गाडीचे.

“अच्छा,” पैलवान म्हणाला. त्याचा चेहरा एकदम पडल्यासारखा झाला. “मला वाटलं, तुझीच.”

“छे रे. तू इकडे कुठे?”

“असंच. जरा काम होतं.” पैलवान उठला. त्याने मुलीकडे पाहिलं, मग याच्याकडे. “दुसऱ्याच्या लेकरासाठी एवढं करतोस. देवमाणूस आहेस.”

ती शाबासकी थोबाडीत बसल्यासारखी लागली. काहीतरी हसण्यासारखं करून तो आत शिरला.

आतली खोली लहानच. जमिनीवर गाद्या, भिंतीला धरून चालायचे कठडे, खिडकीत रंगीत कड्यांचा ढीग. वस्तीतल्या अशा मुलांना इथे व्यायाम देत, खुणांनी बोलायला शिकवत, आणि आईबापांना घडीभर टेकायला जागा मिळे. त्याने मुलीला तिच्या खुर्चीत बसवलं, पट्टा लावला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“आज स्वारीचं काय बिनसलंय?” केंद्र चालवणाऱ्या ताई म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. “बाहेर एक गृहस्थ बसलेत, भेटले का? गेले काही दिवस येतात, बाकावर बसतात आणि परत जातात. मुलगा आणि बायको गाडीतच. मुलाला आत आणायचा धीरच होत नाही त्यांना. परवा मला विचारलं, ‘इथे कुणाचा बाप येतो का हो, की सगळ्या आयाच?’ म्हटलं, येतो ना, शनिवारी एक बाप येतो. म्हणून मुद्दाम तुमच्या वेळेला बोलावलं.”

तो तसाच बाहेर धावला.

बाक रिकामा होता. फाटकापाशी एक गाडी सुरू होऊन थरथरत उभी होती. मागच्या सीटवर एक बाई, आणि तिला चिकटून पाच-सहा वर्षांचा मुलगा. दोन्ही हातांनी कान गच्च दाबून तो पुढेमागे झुलत होता. पैलवान स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. याला पाहून त्याने काच खाली केली.

“ताई म्हणाल्या होत्या, एक बाप येतो,” तो समोर बघतच म्हणाला. “दोन शब्द बोलायचे होते त्याच्याशी. आज आलेला दिसत नाही.”

“आलाय.”

“कुठंय?”

“मीच तो. ती माझी मुलगी आहे.”

पैलवानाने गाडी बंद केली. आतला मुलगा झुलत राहिला.

“तुला लेक घेऊन येताना पाहिलं आणि जिवात जीव आला होता माझ्या,” शेवटी पैलवान म्हणाला. “म्हटलं, चला, हा आपल्यातला. आणि तू म्हणालास, शेजाऱ्यांची. मग माझी दातखीळच बसली.”

“तुझीच भीती वाटली मला,” तो म्हणाला.

“आणि मला तुझी.” पैलवानाने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. “ती ऐकत होती?”

“हो.”

“तिला कळतं?”

नातेवाइकांनी विचारलं की द्यायचं एक उत्तर त्याच्याकडे कायमचं होतं, ‘तिला काय कळतंय!’ त्या उत्तराने समोरच्याचंही ओझं उतरे आणि आपलंही. आज त्याने ते दिलं नाही.

“सगळं कळतं,” तो म्हणाला.

पैलवान खाली उतरला. मागचं दार उघडून त्याने मुलाला छातीशी धरलं. मुलगा किंचाळला, हातपाय झाडू लागला. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबून बघू लागली. पैलवानाची मान आधी खाली गेली. मग तो तसाच, किंचाळणाऱ्या लेकराला घेऊन फाटकातून आत चालू लागला. बायको डोळे पुसत मागोमाग आली.

तो त्यांच्याआधी खोलीत पोहोचला आणि मुलीच्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसला.

“चुकलो गं बाळा,” तो म्हणाला. “चुकलो मी.”

मान वळवायची म्हणजे तिला डोंगर ढकलण्याइतकं कठीण. ताई दर वेळी तिच्याकडून तो व्यायाम करून घेत, तरी अर्ध्यातच ती दमून जाई. आत्ता तिचे ओठ आवळले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि थरथरत, तसूतसूने तिने तोंड पार भिंतीकडे फिरवलं. तो उठून भिंतीच्या बाजूला गेला. तिने पुन्हा सगळा जीव एकवटला आणि मान दुसरीकडे नेली. कपाळावर घाम डवरला होता.

तो मटकन जमिनीवर बसला. वर बघायचं धाडस त्याला होईना.

दारात मुलाला थोपटत उभा असलेला पैलवान ते सगळं बघत होता.

“रुसलीय रे तुझ्यावर,” तो हळूच म्हणाला. “परक्या माणसासाठी कोण एवढे कष्ट घेतं?”