ऐकू येत असावं

तावेत्तीला काउंटरसमोरच्या स्टुलावर बसवून हिल्काने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि दुकानदार केयोला म्हणाली, "एकेक स्पीकर लाव. ह्याला ऐकू येईल तो घ्यायचा. तीस युरोच्या आत."

"तीसच्या आत चांगला मिळूही शकतो," केयो म्हणाला, "किंवा नाहीही."

ईसाल्मीत याहून सरळ उत्तर मिळत नाही. आम्ही फिनलंडच्या साव्हो भागातली माणसं. 'हो' किंवा 'नाही' म्हटलं की पुढे आपल्यालाच जबाबदार धरतात, म्हणून ज्याने त्याने काय समजायचं ते समजावं, असं आमचं बोलणं. पण आज हिल्काला ते परवडणारं नव्हतं. पेन्शनरांच्या शुक्रवारच्या नाचाला अकॉर्डियन वाजवणारे गृहस्थ मुलीकडे राहायला गेले, तेव्हापासून ती लॅपटॉपवर टँगो लावायची. चार शुक्रवार झाले, एकही जोडी उठली नव्हती. सगळे भिंतीलगतच्या खुर्च्यांवर कॉफी पीत बसायचे आणि 'बरं झालं' म्हणून घरी जायचे. हाही शुक्रवार असाच गेला, तर सभागृह विणकामवाल्यांना मिळणार होतं. लोकांना नाचाचा कंटाळा आलाय की आपला, हेच हिल्काला कळेना. स्पीकर हा तिचा शेवटचा डाव होता.

तावेत्ती अशासाठी, की तो एक्याऐंशीचा आणि क्लबातला सगळ्यात बहिरा. त्याच्या कानात शिरेल ते कुणाच्याही कानात शिरलं असतं.

केयोने आधी पावाएवढा गोल स्पीकर ठेवला. "एकोणतीस नव्वद. हल्ली सगळे हाच नेतात." टँगो सुरू झाला आणि काउंटरवरची बॅटरीची पाकिटं थरथरायला लागली. व्हायोलिन कुठल्या कुठे गेलं.

"ऐकू येतंय?" हिल्काने ओरडून विचारलं.

"कुठंतरी खांब ठोकतायत वाटतं," तावेत्ती म्हणाला.

दुसरा स्पीकर मुठीत मावणारा, बारा युरोंचा. त्याचा आवाज हिल्कालाच जेमतेम आला.

"आला का आवाज?"

"आला असेल."

"असेल म्हणजे काय?"

"म्हणजे तू विचारतेयस, त्या अर्थी आला असेल."

हिल्काने कपाळावर हात मारला. "आणि हॉलमध्ये रे? महिनाभर नुसत्या लॅपटॉपवर लावत होते तेव्हा?"

"तू त्याच्याजवळ उभी असायचीस. त्यावरून काहीतरी चालू असावं, असं आम्हाला वाटायचं."

"आम्हाला?"

"सगळ्यांनाच."

"मग बोलला का नाहीत, मेल्यांनो!"

"इतक्या हौसेनं लावायचीस. उगीच कशाला तुला वाईट वाटायला लावायचं."

चार आठवडे ती मनातल्या मनात झुरत होती आणि ही पंचवीस माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती. हिल्काला सगळ्यांचा संताप आला आणि त्याहून जास्त आनंद झाला. कंटाळा कुणालाच आला नव्हता.

"केयो, अजून काय आहे?"

केयोने शोकेसमधून दोन छोटे स्पीकर काढले, दुधाच्या पुड्यांएवढे. दोघांत मिळून लॅपटॉपला जाणारी एकच वायर, तिच्यातूनच वीज आणि आवाज. चार्ज करायची भानगड नाही. "खोकं हरवलंय. किंमत चाळीस. तीसला दिले, तर बायको बोलेलही."

"सायकलच्या टोपलीत मावतील?"

"मावायला हरकत नसावी."

हिल्काने ते काउंटरच्या दोन टोकांना मांडले, खाली इस्त्रीची खोकी ठेवून तावेत्तीच्या कानाच्या उंचीला आणले आणि त्यांची तोंडं त्याच्याकडे वळवली. केयोने टँगो लावला. अकॉर्डियन आलं, मागून व्हायोलिन, आणि गाणारा ओळीआधी श्वास घेतो, तोसुद्धा ऐकू आला.

या वेळी तिने काहीच विचारलं नाही. त्याच्या उत्तराला अर्थ नव्हता, म्हणून ती त्याच्या पायांकडे बघत राहिली. उजव्या बुटाचं टोक उचललं गेलं. टेकलं. पुन्हा उचललं. मग डावाही सामील झाला.

तावेत्ती उठला. त्याने टोपी काढून काउंटरवर ठेवली, केसांवरून हात फिरवला आणि हिल्कासमोर येऊन वाकला.

वॉशिंग मशीन आणि फ्रीज यांच्यामध्ये जागा ती केवढी, पण तेवढ्यात त्याने तिला व्यवस्थित वळवलं. ठेका एकदाही चुकला नाही. किटली बदलून घ्यायला आलेली एक बाई मुकाट्याने बाजूला सरकली आणि किटली पोटाशी धरून उभी राहिली. हिल्काला शुक्रवार डोळ्यांसमोर दिसला, सगळ्या खुर्च्या रिकाम्या आणि मधली फरशी भरलेली. तिला मोठ्याने हसू आलं आणि तिने ते आवरलं नाही.

गाणं संपलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"झालं! हेच घ्यायचे. केयो, बांधून दे," असं म्हणत तिने हात सोडवायला सुरुवात केली.

तावेत्तीने सोडला नाही.

"बाईला नाचायला नेलं की रिवाजाने लागोपाठ दोन नाच असतात," तो म्हणाला. "केयो, पुढचं लाव."