फाटकातली गाडी

तिघांनी जोर लावला तरी गाडी बोटभरही हलली नाही.

फाटक अडलं होतं. आत अंगणात मनोजचा टेम्पो झेंडूनं भरून उभा. उद्या दसरा, आणि अमरावतीच्या बाजारात लिलाव साडेसातला. आज गेला नाही तर हाच झेंडू उकिरड्यावर टाकायचा. सहा वाजत आले होते.

गाडीच्या मागच्या सीटवर माणिकबाईच्या मांडीवर नात झोपली होती, मनोजची दीड वर्षांची मुलगी आचल. दोन रात्री ताप. पहाटे सुनेनं, साधनानं, तिला गाडीत घालून मोर्शीच्या रस्त्यावर चकरा मारल्या, तेव्हा कुठे डोळा लागला. परतल्यावर आत खडीवर गाडी न्यायचा धीर झाला नाही. तिनं फाटकातच इंजिन बंद केलं. पंखा आणि दिवे चालूच राहिले, आणि तिलाही झोप लागली. जाग आली तेव्हा बॅटरी संपली होती.

"चाकं जाम झाले का बे?" आचलचे आजोबा किसनराव कुजबुजले. शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक पोचवणारा माणूस. कुजबुज त्यांना नीट येत नव्हती.

"पार्किंगमधी अटकली, बाबा," साधना खिडकीतून म्हणाली. "बॅटरी उतरली का हे गेरची दांडी हालतच नाई."

"म्हून म्हनलं होतं, क्लच नाई ते गाडी घेऊ नोको."

"हळू बोला ना जी," माणिकबाई म्हणाली.

"घरात नेऊन टाक पोरीले."

"हात लावला का उठते."

साधनानं खणातली पुस्तिका उघडली. दांडीशेजारी नखाएवढं झाकण, त्याखाली भोक. आत काहीतरी बारीक, टणक दाबायचं. माणिकबाईनं मांडी न हलवता अंबाड्यातला आकडा काढून पुढे दिला.

हँडब्रेक ओढून साधनानं चावी फिरवली, ब्रेकवर पाय ठेवला, आकडा दाबून धरला आणि दांडी मागे घेतली. टक. सगळे जागच्या जागी थांबले. आचलनं स्वप्नात दूध प्यावं तसे ओठ हलवले आणि पुन्हा शांत झाली.

हँडब्रेक सुटला. किसनराव, मनोज आणि शेजारचे खुशालराव, तिघं वाकले. चाकं फिरली. साधनानं दोन्ही हातांनी जड स्टिअरिंग वळवलं आणि गाडी फाटकाबाहेर लिंबाखाली जाऊन उभी राहिली.

आता टेम्पो सुरू होणार. त्याचा आवाज अख्ख्या गावाला ठाऊक होता. साधनानं मागे वळून आचलच्या कानावर तळहात धरला.

आवाज आला नाही.

आरशात दिसलं: मनोज चावीला हात घालत होता आणि किसनरावांनी त्याचं मनगट धरलं होतं. मग ते मागे गेले आणि टेम्पोच्या फाळक्याला खांदा लावला. खुशालरावही. भरलेला टेम्पो फाटकातून बाहेर आला, गाडीच्या काचेजवळून गेला, उताराला लागला. किसनरावांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. वळणापर्यंत ते ढकलत गेले.

माणिकबाई नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"माह्या लेकरायच्या वक्ती," ती म्हणाली, "ट्रॅक्टर दारातच चालू करत हे."