एवढं स्वस्त का?

डेल्फिनाने भिंतीला नाक लावून वास घेतला. ओल नव्हती. नळ सोडला, गरम पाणी लगेच आलं. खिडक्या उघडून मिटून पाहिल्या, कपाटात डोकं घातलं, लाकडी जमिनीवर टाचा आपटल्या. दोन खोल्या, स्वयंपाकघर, भरपूर ऊन. खोट काही सापडेना.

घरमालकीण ऑगस्टा दारात काठी टेकून उभी होती. ऐंशी ओलांडलेली बाई. ही सगळी झडती ती निमूट पाहत होती.

"इथे कोणी मेलं होतं का?" डेल्फिनाने शेवटी विचारलंच.

"माझी मांजर. पण ती खालच्या मजल्यावर."

किराणा दुकानाच्या फळ्यावरचं, घर भाड्याने देण्याचं ऑगस्टाचं कार्ड गावात सगळ्यांनी वाचलं होतं. डेल्फिना हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरी धुवायची, तिथे तर त्यावर हसून हसून पोटं दुखली. बर्फावर घसरायला येणाऱ्या श्रीमंतांनी या काउंटीतली निम्मी घरं विकत घेऊन कुलपात ठेवलेली. उरलेल्या खोल्यांचं भाडं ऐकूनच माणूस गाडी वळवायचा. आणि हे कार्ड त्याच्या निम्म्यात घर देत होतं.

"डिपॉझिट घेतील आणि फोन बंद करतील," मशीनवरची टॅमी म्हणाली होती. "अगं, इथे एवढं स्वस्त काही नसतं. फसशील!"

ते डेल्फिनाला पटलंही होतं. पण तिला राहवेना. फसवणूक तर फसवणूक, ती आहे कशी ते तरी बघावं! शिवाय ती आणि तिची मुलगी घाटापलीकडे, शेजारच्या काउंटीत, बहिणीच्या गॅरेजात राहत होत्या. गेल्या हिवाळ्यात बर्फाने घाट बंद झाला, तेव्हा ती लॉन्ड्रीतच चादरींच्या ढिगावर झोपली होती आणि मुलगी पलीकडून फोनवर रडत होती.

"खरं सांगा, एवढं स्वस्त का?"

"घराचं कर्ज कधीच फिटलंय. कर भरला, छपराची डागडुजी झाली की माझं भागतं," ऑगस्टा म्हणाली. "आणि डोक्यावर कोणाची तरी पावलं वाजली की मला झोप चांगली लागते."

उत्तर इतकं साधं होतं, की डेल्फिनाचा संशय आणखीच बळावला. "उद्या सांगते," म्हणून ती जिना उतरली.

घाट चढता चढता डेल्फिना खोट शोधतच राहिली. कर्ज, कर, छप्पर, पावलं. गॅरेजात शिरली तर मुलगी अंगात कोट घालून अभ्यास करत होती. त्या क्षणी तिचं ठरलं.

सकाळी कामाआधी ती कार्ड अजून आहे ना ते बघायला दुकानात गेली. कार्डावरचा आकडा खोडलेला होता. वर नवा लिहिलेला, बरोबर दुप्पट.

ती तशीच ऑगस्टाच्या घरी धावली. दारात दोन गाड्या उभ्या होत्या. एक तरुण जोडपं जिना उतरत होतं. "रास्त आहे हो भाडं," नवरा बायकोला म्हणत होता. "आजच हो म्हणून टाकू."

डेल्फिना पायरीवरच थांबली. काल हो म्हटलं असतं तर!

"तू परत आलीस?" ऑगस्टाने दारातून विचारलं.

"आले. पण आता... मला नाही परवडणार."

ऑगस्टाने त्या जोडप्याकडे वळून शांतपणे सांगितलं, "माफ करा. घर गेलं." ते कुरकुरत निघून गेले. मग तिने डेल्फिनाला आत घेतलं.

"सहा महिने झाले. लोक येतात, भिंतींचा वास घेतात, उद्या सांगतो म्हणतात. उद्या कोणीच येत नाही. काल तू गेलीस आणि माझाही धीर सुटला. पुतण्याने सांगितलं, आकडा वाढव. वाढवला, तर उजाडल्यापासून रांग!"

"मग मला का देताय?"

"स्वस्तावर विश्वास ठेवून परत येणारी तूच पहिली." ऑगस्टाने किल्ली तिच्या हातात ठेवली. "भाडं कालचंच. फक्त बाहेर कोणी विचारलं तर दुप्पट सांग, पोरी. नाहीतर लोक म्हणतील, हिच्या घरात नक्की काहीतरी खोट आहे."