सुरतेचं कार्ड

"दाव्याची फी ऑनलाइन भरायची आहे. फोनपे आहे ना?" वकिलांच्या ऑफिसात टेबलाशी बसलेल्या त्यांच्या मदतनीस संध्याने लॅपटॉपमधून मान वर न काढता विचारलं.

छायाने पिशवीतून मोबाइल काढला. तेवढ्यात तिच्या सासऱ्यांनी, गोटीरामांनी, तिचा हात धरला.

"तू नको भरू. वाल्मीकच्या क्रेडिट कार्डावरून भरायची."

"कोण वाल्मीक?" संध्याने विचारलं.

"माझा भाचा. सुरतेला असतो."

"अहो बाबा, किरकोळ रक्कम आहे. एवढ्यासाठी सुरतेपर्यंत कशाला जाता?"

"असू द्या. त्यानं लय सांगितलंय. ही फी मीच भरणार, म्हनला."

संध्याने 'मला काय करायचंय' असा चेहरा केला आणि फी भरायचं पान उघडलं.

दावा छायाचा होता. तिचा नवरा रोहित मयत झाल्याचं कोर्टाने जाहीर करावं, एवढंच मागणं होतं. मखमलाबादच्या मळ्यातून गुलाबाच्या जुड्या घेऊन तो बाजाराला गेला, तो परत आलाच नाही. गाडी गंगापूर धरणाच्या काठाला सापडली, माणूस सापडला नाही. सात वर्षं ज्याची खबरबात नाही त्याला कायदा मेलेला मानतो, हे वकिलांनी समजावून सांगितलं होतं. कायद्याला मानायला काय जातंय! कुंकू बाईला पुसावं लागतं.

तिने ते पुसलं नव्हतं. एकही वटपौर्णिमा चुकवली नव्हती.

गावाला शंभर तोंडं. कोणी म्हणे धरणात गेला, कोणी म्हणे बुवा झाला. आणि कोणी म्हणे, बायकोच्या तोंडाला कंटाळून गेला. हे शेवटचं तिला आतून पोखरत होतं. आदल्या दिवशी त्याने माल मातीमोल विकला, तेव्हा ती बोलून गेली होती, "तुमच्याच्यानं काय व्हायचंय?" मनात काही नव्हतं. संसारात अशी वाक्यं भाजीत मीठ पडावं तशी पडतात. पण माणूस दुसऱ्या दिवशी गेला की तेच वाक्य उरतं.

सासऱ्यांनी सुरुवातीची वर्षं पोराचा फोटो घेऊन रान पालथं घातलं. त्र्यंबक, शिर्डी, कुठे म्हणून गेले नाहीत असं नाही. मग एकदा वाल्मीकच्या मुलीच्या बारशाला म्हणून सुरतेला गेले आणि आल्यावर फोटो देव्हाऱ्यामागे ठेवून दिला. "आता बास," एवढंच म्हणाले. तेव्हापासून हा दावा लावण्यासाठी त्यांनी छायापुढे दाताच्या कण्या केल्या. स्थळही त्यांनीच आणलं. इगतपुरीचा हर्षल, रेल्वेत नोकरीला, बायको वारलेली. छायाच्या वेदिकाला पोटच्या लेकीसारखी सांभाळीन, असं तो आपण होऊन म्हणाला होता. सासरा असावा तर असा, असं गाव म्हणू लागलं.

एकच गोष्ट छायाला उमगली नव्हती. रामकुंडावर पुतळा करून अंत्यविधी उरकून घ्या, असं भटजी म्हणाले तेव्हा म्हातारा तडकला होता. "कोर्टाचं कोर्टात. माझ्या पोराला अग्नी द्यायचा नाय!" शेवटी बापाचं काळीज, असं म्हणून तिने विषय सोडून दिला होता.

गोटीरामांनी कार्डाचा नंबर एकेक आकडा करून सांगितला.

"ओटीपी त्यांच्या मोबाइलवर गेलाय," संध्या म्हणाली. "विचारा त्यांना."

गोटीराम फोन घेऊन बाहेर गेले. वाल्मीकशी ते नेहमी असे बाहेर जाऊनच बोलत. परत आले तोवर वेळ संपली होती. दुसऱ्यांदा ते लवकर आले, पण पायऱ्या चढता चढता आकड्यांची खिचडी झाली.

"तिसऱ्यांदा चुकलं तर कार्ड बंद पडेल हं," संध्या वैतागली. "बाबा, तुम्ही बसा. ताई, तुम्ही बोला त्यांच्याशी."

"तिला कशाला? ती वळखत नाय त्याला!"

"ओळख काढायचीय का? आकडे तर घ्यायचेत." संध्याने त्यांच्या हातातून फोन घेतला, शेवटचा नंबर पुन्हा लावला आणि छायाकडे दिला.

"छाया, दे इकडं," गोटीराम म्हणाले. उठायला गेले, पण खोकल्याची उबळ आली आणि पुन्हा बाकावर बसले.

रिंग वाजत होती. वाल्मीक लग्नात येऊन गेला होता म्हणे, तिला चेहरा आठवत नव्हता. वेदिकाच्या शाळेचा खर्च दरसाल तोच पाठवी. भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू, असं आज बोलायचं तिने ठरवलं.

पण मनात दुसरंच आलं. हे आकडे सांगितले की रोहित संपला. आपल्याच तोंडाने आपण त्याला संपवणार. माफ करा हो, ती मनातल्या मनात म्हणाली. ते मी मनापासून बोलले नव्हते. तुम्ही कुठेही असतात तरी मी वाट पाहिली असती. तिचे डोळे भरून आले.

पलीकडे फोन उचलला गेला. मागे लहान मूल रडत होतं.

"आण्णा, आलाय नंबर. घ्या लिहून," रोहित म्हणाला. "आठ..."

छायाने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली होती.

"ताई, लवकर. वेळ जातोय," संध्या म्हणाली.

"आठ," छाया मोठ्याने म्हणाली. "पुढचा सांगा."