ओकेचं बटण

देवेशची गाडी थांबली तेव्हा हुसैनमियाँ बंद पडलेल्या गाडीच्या सावलीत आडवे पडले होते. ते कोपरावर टेकून उठले आणि हसले. ओठ फुटले होते.

"बघा, आलात ना! मला माहीत होतं."

"चाचा, काय झालं?"

"काय नाय. ऊन लागलं. काल दुपारपासून उलट्या. पाणी पोटात ठरेना."

देवेशने बाटलीत मीठ-साखरेची पुडी सोडली. ते घोट घोट पीत राहिले. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत आखाती वाळवंटातली सपाट खडी होती, मे महिन्याचं ऊन होतं, आणि गाडीजवळ उपकरणांच्या सात पेट्या. परवा सकाळी चाकाचं बेअरिंग गेलं. पेट्या सोडून जायच्या नाहीत, असा कंपनीचा नियम. म्हणून देवेश, सर्वेक्षणावरचा भूगर्भशास्त्रज्ञ, आपल्या ड्रायव्हरला, हुसैनमियाँना, राखणीला ठेवून दुसऱ्या गाडीने दीडशे किलोमीटरवरच्या हैमा गावी गेला होता. जाताना त्याने त्यांच्या हातात उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं नारिंगी यंत्र दिलं होतं. रोज संध्याकाळी ओकेचं बटण, म्हणजे देवेशच्या फोनवर निरोप. जिवावर बेतलं तर लाल.

हुसैनमियाँनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं यंत्र काढलं.

"परवा सांजेला दाबलं. हिरवा दिवा लुकलुकला. काल नाय दाबलं."

"का?"

"ओके नव्हतोच, तर ओके कसं दाबू? खोटं कशाला बोला? लाल दाबावं तर हेलिकॉप्टर येतं म्हणालात. एका म्हाताऱ्यासाठी हेलिकॉप्टर! म्हटलं, ओके गेलं नाय की साहेब समजतील. आणि समजलात. उद्या यायचे ते आज आलात."

देवेश आज आला होता, कारण हैमातला गाडी उचलणारा ट्रक एक दिवस आधी मोकळा झाला होता.

त्या नारिंगी यंत्राची उपग्रह-सेवेची नोंदणी गेल्या महिन्यात संपली होती. शहरात, अझैब्याच्या ऑफिसात बसून ती पुन्हा चालू करणं हे देवेशचं काम होतं. पाच मिनिटांचं. तो विसरला, आणि हे त्याला परवा इथेच, यंत्र पुढे करताना आठवलं. नोंदणी नसली की निरोप पोचत नाही, तरी दिवा लुकलुकतो. यंत्र बोलतंय, एवढंच तो सांगतो. कोणी ऐकतंय का, हे त्याला कळत नाही. लाल बटणाचंही तेच. चालू असलेलं दुसरं यंत्र देवेशच्या पट्ट्याला होतं. पण त्यालाही दीडशे किलोमीटर एकट्याने जायचं होतं. त्याने ते काढून दिलं नाही.

"आज आला नसतात तर खलास होतो," हुसैनमियाँ म्हणाले.

मागून ट्रक आला. ट्रकवाल्याने "यल्ला, यल्ला" अशी घाई करत गाडी वर ओढली, पेट्या चढवल्या. देवेशने हुसैनमियाँना आपल्या शेजारी बसवलं. त्यांनी नारिंगी यंत्र डॅशबोर्डवर, आकाशाकडे तोंड करून ठेवलं, शिकवलं होतं तसं.

"चाचा," देवेश म्हणाला.

"बोला साहेब."

"पाणी घ्या अजून."

पन्नास किलोमीटरवर तो पुन्हा म्हणाला, "चाचा," आणि पुन्हा पाण्याचंच बोलला.

हैमाचा मोबाईल टॉवर दिसायला लागला तसा हुसैनमियाँचा फोन वाजला. दापोलीहून कुबरा, त्यांची मुलगी. काल संध्याकाळी तिने देवेशला फोन केला होता. अब्बांचा ओके आला का, एवढंच विचारायला. "आला, आला," तो म्हणाला होता. "मजेत आहेत."

"हां बाय. बरा आहे. जरा ऊन लागलं, बाकी काय नाय." हुसैनमियाँ ऐकत राहिले. "काल? काल सांजेचा?" मग हळू आवाजात, "साहेब म्हणाले, आला?"

त्यांनी वळून देवेशकडे पाहिलं. रस्ता सरळ होता, मोकळा होता. देवेश त्याच्यावरून नजर काढत नव्हता.

"अब्बा?" फोनमधून ऐकू येत होतं. "अब्बा, आवाज येतोय ना?"

"येतोय." हुसैनमियाँनी फुटल्या ओठांवरून जीभ फिरवली. "हो बाय. पाठवला होता ना. रोज पाठवत होतो."

फोन खिशात टाकून त्यांनी डॅशबोर्डवरचं यंत्र उचललं. रुमालाने नीट पुसलं. मग रुमाल घडी करून आपल्या खिशात ठेवला, आणि यंत्र देवेशच्या मांडीवर.