वस्तादांचा ताप

"वस्ताद हाईत का घरात?" दाराबाहेरून तालमीतल्या रवळूचा आवाज आला, तशी मारुतीरावांनी वाकळ तोंडावर ओढली आणि बायकोला हातानेच नाही म्हणून खूण केली.

"शेताकडं गेल्यात," मालुबाईने दार न उघडताच सांगितलं.

शेताकडं कसले जातात. गुंजी गावच्या तालमीचे वस्ताद दोन वाकळांखाली हुडहुडत पडले होते. काल शाळेच्या पटांगणात गावातली पहिली लस त्यांनीच घेतली होती, शर्टाची बाही खांद्यापर्यंत चढवून, सगळ्यांदेखत. गाव लसीला बिचकत होतं. नर्स माधवीबाई सकाळपासून घसा कोरडा करून सांगत होत्या, ताप येईल, अंग दुखेल, एक-दोन दिवसांत उतरेल. पण त्या साथीच्या दिवसांत तापाचं नुसतं नाव काढलं तरी माणसं मागे सरायची. मग वस्ताद पुढे झाले. सुई निघाल्यावर दंड थोपटून म्हणाले, "मुंगी चावल्यागत वाटलं. ताप यायला मी काय ल्हान प्वार हाय व्हय?" लोक हसले, आणि त्यांच्या मागोमाग बऱ्याच जणांनी दंड पुढे केले. मालुबाईचा ऊर भरून आला होता.

दिवेलागणीला वस्तादांना ताप चढला. भल्याभल्यांना उचलून आपटणाऱ्या त्या हाताला पाण्याचा तांब्याही उचलेना. माधवीबाईंनी दिलेली गोळी घ्यायलाही ते तयार नव्हते, ती मालुबाईने गुळाच्या खड्याबरोबर लहान मुलाला भरवावी तशी भरवली.

तालमीतल्या पोरांनी वस्तादाला आजारी बघायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. मागे पाय मोडला होता तेव्हासुद्धा पोरं आली की हे भिंत धरून उभे राहायचे आणि पोरं गेली की कण्हत बसायचे. हा नेम मालुबाईनेही सांभाळला होता. नवऱ्याचा रुबाब तो घराचा रुबाब, असं तिचं साधं गणित होतं.

रवळू मात्र दारातून लगेच हलला नाही. "म्हंजे वस्तादास्नी खरंच काय झालं न्हाय," असं काहीतरी पुटपुटला आणि पाय ओढत गेला.

घागर घेऊन मालुबाई नळावर गेली तेव्हा त्याचा अर्थ तिला कळला. शेजारची शालूबाई तिथे डोळे पुसत उभी होती. तिच्या नवऱ्यानेही काल लस घेतली होती.

"आमचं मालक रातभर फणफणलेत, मालुआक्का. रवळूचा बापबी तसाच पडलाय. काल टोचून घेतलेली निम्मी माणसं हातरुणात हाईत. आन वस्ताद शेताकडं हिंडाय लागल्यात. मग ह्यो ताप लसीचा कसा? ह्यो त्या रोगाचाच ताप हाय. लोंढ्यासनं जीप बोलावलीया. एकदा बेळगावच्या दवाखान्यात नेलं की माणूस परत दिसतंय का न्हाय, देवाला ठावं."

मालुबाईने घागर नळाखाली धरली. नळासमोरच शाळा होती. आजही तिथे लस द्यायची होती. टेबल मांडलं होतं, बर्फाचा डबा होता, आणि माधवीबाई रिकाम्या पटांगणाकडे बघत एकट्याच बसल्या होत्या. सकाळी येतो म्हणालेली म्हातारी माणसं घरात कड्या लावून बसली होती.

घागर अर्धीच भरून ती परत आली. नवऱ्याला सगळं सांगितलं. ते वाकळीतून ऐकत राहिले.

"तुमी शेताकडं गेलाय म्हणून मी माझ्या तोंडानं सांगितलं," ती म्हणाली. "आता शालूला काय सांगू, तेवढं तुमीच सांगा."

वस्तादांनी वाकळ तोंडावरून खाली केली. नेम मोडला तर तालमीत पुन्हा कुठल्या तोंडाने उभं राहायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर तिला स्पष्ट दिसत होतं. तिला त्यांची कीव आली आणि थोडा रागही आला.

"खाट भाईर काढ," ते म्हणाले.

"अवं, लोक बघतील."

"बघाय पायजेत."

तिने खाट ओढत आणून शाळेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला टाकली. बायकोच्या खांद्यावर हात टाकून वस्ताद उंबऱ्याबाहेर आले. असे ते गावात कधी चालले नव्हते. खाटेवर पडले, वाकळ गळ्यापर्यंत ओढली, आणि त्यांचे दात वाजू लागले. लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

आधी एक म्हातारा थांबला. मग चार बायका. मग रवळू तालमीतली पोरं घेऊन धावत आला आणि वस्तादांना तसं बघून त्याने मान वळवली.

"हिकडं बघ रं, नीट बघ," वस्ताद म्हणाले. "लसीचाच ताप हाय ह्यो, कालच चढलाय मला. लाजंपायी खोटं बोललो. तुझ्या बाला जाऊन सांग, वस्तादबी पडलाय."

गर्दीतून वाट काढत शालूबाई पुढे आली. एरवी तिने वस्तादांसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नसता. आज सरळ त्यांच्या कपाळाला हात लावला. "भाजाय लागलंय की वो," ती म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली. जीपवाल्याला नको म्हणून सांगायला रवळू पळाला. घराघरांतल्या कड्या निघू लागल्या. दंडाला हात लावून बघत, एकमेकांना चिडवत माणसं खाटेशेजारून शाळेकडे जाऊ लागली, आणि जाणारा प्रत्येक जण वस्तादांपाशी थांबून त्यांना डोळे भरून बघून जात होता.

मालुबाईने त्यांची कुस्ती कधी बघितली नव्हती. फड मारून आले की डोक्यावरचा बक्षिसाचा फेटा तेवढा बघायची. आज तिचा नवरा भर रस्त्यात, साऱ्या गावासमोर उताणा पडला होता, आणि ती त्याच्या उशाशी मान ताठ करून बसली होती.