तात्याबांची नस

या, जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. दौंडच्या एका दवाखान्यात पेटलेल्या रागाची गोष्ट सांगतो.

"किती येळा मारणार माझ्या बापाला?" रविराजनं टेबलावर हात आपटला.

डॉक्टर प्राचींनी कॉम्प्युटरवरची नजर काढली नाही. पडद्यावर त्याच्या बापाच्या, तात्याबांच्या, पोटातल्या मोठ्या नसेची हुबेहूब नक्कल फिरत होती, मधेच फुग्यासारखी फुगलेली. तिच्यात जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवून बघायचं काम सकाळपासून चाललं होतं. स्टेंट वळणावर सरकला की नस फुटायची, पडदा लाल व्हायचा. आताही झाला.

"आवाज चढवू नका," डॉक्टर म्हणाल्या. "इथं चुकलं तर कुणी मरत नाही."

दाराशी आई, कुशाबाई, बसली होती. मोकळ्या कपाळावर पदर ओढून पोराला खाली बस म्हणत होती. सकाळपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, ते तिला खुपत होतं.

रविराज बसेना. ज्याच्या जिवावर बेतलंय त्याला ताटकळत ठेवून ही बाई खेळ खेळतीय, असं तो तोंडावर बोलला. मग पडद्याकडं बोट केलं.

"ही नाडी झोपल्या माणसाची लावलीय तुम्ही. माझे आबा म्हंजी गप पडणारा माणूस न्हाई. सप्त्यात गजराला उभे राह्यले की मानंच्या शिरा तटतटायच्या. ऑपरेशनच्या खाटंवर पण त्यांचा गजर सुटला न्हाई."

डॉक्टर थबकल्या. "आणि तुम्ही?"

"मी त्यांच्याच शेजारी. तेवढ्याच जोरात."

डॉक्टरांनी पडद्यावर रक्ताचा दाब वाढवला. आखूड स्टेंट लगेच सरकला. मग लांब घातला. दाब चढत गेला, तरी तो वळण धरून बसला. पडदा लाल झाला नाही.

कुशाबाईनं हात जोडले. रविराजचा राग मात्र आणखीच उसळला.

"हे तवाच बघायला काय झालं होतं?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "तेव्हा आखूड घातला, तो सरकला. तुमच्या नसेलाही हाच फुगा आहे, हेच वळण," त्या म्हणाल्या. "चला."

नर्सनं आणलेल्या स्ट्रेचरवर रविराज आडवा झाला.

माउली, टाळ उचलाल तेव्हा तात्याबांची याद ठेवा. परवाच त्यांचं वर्षश्राद्ध झालं.